हौसाचा लेप आणि बकुळाचे गाल

फार फार पूर्वी, आरसे जेव्हा फक्त राजाच्या महालात असत आणि बाकीच्यांना आपलं तोंड हंड्यातल्या पाण्यात वाकून बघावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी, कारण यातली चूक मोठी माणसंही तितक्याच हौसेने करतात.

नदीच्या अलीकडच्या काठावर एक गाव होतं. गाव मिरचीचं. शेतात मिरची, अंगणात मिरची, छपरावर मिरची. माघ महिना लागला की सगळं गाव लाल दिसे आणि पाहुणा वेशीतून आत आला की शिंकायला लागे. गावकरी मात्र शिंकत नसत. त्यांची नाकं मेली होती म्हणा, नाहीतर तयार झाली होती म्हणा.

मिरचीत जन्म गेला की माणसाची समजूतही तशीच होते. या गावात एक गोष्ट सगळ्यांना पक्की ठाऊक होती. जे झोंबतं, ते गुणाचं. डोळ्यात घालायचं औषध झोंबलं पाहिजे, जखमेवर बांधायचा पाला झोंबला पाहिजे, पंतोजींचं बोलणंसुद्धा झोंबलं पाहिजे. एक गोडबोल्या वैद्य गोड चाटण घेऊन आला होता. तो दुसऱ्यांदा आला नाही, कारण त्याला कोणी बोलावलंच नाही. अहो, बाळगुटीतही यांनी मिरची उगाळली असती. आयांनी पदर खोचून दम दिला म्हणून तेवढं राहिलं.

त्या गावात बकुळा नावाची मुलगी होती. सोळा वर्षांची, हाताने चपळ, डोक्याने हुशार. आणि आवाज असा की तिने बांधावरून हाक मारली की तिसऱ्या शेतातला बैल मान वर करी.

त्या आवाजाला गावात किंमत होती. का, ते सांगतो. होळीनंतर पंधरा दिवसांनी राजधानीत मिरचीचा मोठा बाजार भरे. सात गावं आपापले ढीग लावत, आणि प्रत्येक गावाचं एक तरुण माणूस गाडीवर उभं राहून आपल्या मालाचा पुकारा करी. त्याला पुकारी म्हणत. पुकारी खणखणीत असला की गिऱ्हाईक त्या ढिगाकडे वळे. पुकारी घोगरा निघाला की गावाची वर्षभराची मेहनत पोत्यात बसून तशीच परत येई. त्या वर्षी पाटलांनी चावडीपुढे पाच-सहा पोरापोरींना हाका मारायला लावल्या आणि बकुळाला निवडलं. तिच्या खालोखाल हौसा. ही हौसा बकुळाची मैत्रीण, शेजारच्याच घरातली.

बकुळाला आभाळ ठेंगणं झालं. कळायला लागल्यापासून ती त्या गाडीकडे बघत आली होती. गाडीवर उभं राहायचं, खाली सात गावं, आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे. याहून मोठं काही जगात असेल असं तिला वाटत नव्हतं.

आणि नेमके तेव्हाच तिच्या तोंडावर मुरूम उठले.

आधी हनुवटीवर एक. मग त्याच्या सोबतीला दोन. मग गालांवर, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. बकुळा सकाळी हंड्यात वाकायची, पाण्यात बघायची आणि तोंड पाडून उठायची.

"वयाचं आहे," आई म्हणाली. "मलाही आले होते. येतात तसे जातात."

"कधी जातात?"

"त्यांच्या मनाला येईल तेव्हा."

हे उत्तर कोणत्या सोळा वर्षांच्या मुलीला पटेल? बाजार तीन आठवड्यांवर आला होता. सात गावं आपल्याकडे बघणार, आणि बघणार काय, तर मुरूम. बकुळाला जेवण गोड लागेना. हाताला चाळा म्हणून ती मिरच्यांचे देठ खुडता खुडता त्याच हातांनी मुरूम चाचपायची, आणि चाचपले की ते आणखी फुगायचे.

मग तिला हौसाची आठवण झाली. आदल्या वर्षी हौसाच्या तोंडाची याहून वाईट गत होती. कपाळापासून गळ्यापर्यंत मुरूमच मुरूम. नदीपलीकडच्या वैदीणबाईने तिला एक लेप दिला होता, कडुनिंबाचा पाला आणि गंधक घालून घोटलेला. दोन महिन्यांत हौसाचं तोंड स्वच्छ झालं होतं. अख्ख्या गावाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

बकुळा हौसाच्या अंगणात गेली. हौसा खाटेवर मिरच्या पसरत होती.

"तुझा तो लेप उरलाय का गं?"

हौसाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "उरलाय. पण तो माझ्यासाठी केलेला आहे. तू बाईंकडे जाऊन ये."

"पलीकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. वाळवण टाकून कोण सोडणार मला? आणि तुला गुण आला तो मला का येणार नाही? मुरूम ते मुरूम."

"मुरूम तेच असतील, पण कातडी तीच आहे का?" हौसा म्हणाली. "माझं तोंड सकाळी धुतलं तरी दुपारी चकचकतं. कपाळावर बोट फिरवलं तर वात भिजेल एवढं तेल निघतं. तुझं तसं नाही. थंडीत तुझ्या नाकाला कोंडा सुटतो, मी बघते ना."

"म्हणजे द्यायचा नाही, असं सांग."

आता असं म्हटल्यावर मैत्रीण काय करणार? हौसाने फळीवरची लाकडी डबी काढून दिली. पण देताना बजावलं. "मुगाच्या दाण्याएवढा घ्यायचा, एक दिवसाआड, फक्त मुरमावर. आणि त्याच्याआधी तीन दिवस नुसता कानामागे लावून बघ. बाईंनी मला तसंच करायला लावलं होतं. काही वाटलं तर तोंडाला लावू नकोस, डबी परत आण."

बकुळाने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

तरी कानामागे लावायचं तेवढं तिने केलं. पहिल्या दिवशी चुरचुरलं. दुसऱ्या दिवशी झोंबलं. तिसऱ्या दिवशी कानामागची जागा लाल झाली आणि तिथे आग आग व्हायला लागली. दुसऱ्या कुठल्या गावची मुलगी असती तर तिने डबी बंद करून परत नेऊन दिली असती. पण ही मिरचीच्या गावची. बकुळाला आनंद झाला.

"आई, झोंबतंय," ती म्हणाली.

"झोंबतंय ना? मग लागू पडणार," आई म्हणाली. मायलेकींचं एकमत झालं, मग काय विचारता.

चौथ्या दिवशी बकुळाने लेप सगळ्या तोंडाला फासला. मुगाएवढा नव्हे, चांगला सुपारीएवढा. एक दिवसाआड नव्हे, सकाळ-संध्याकाळ. वर स्वतःची अक्कल चालवली ती वेगळीच. लेप आत मुरावा म्हणून लावण्याआधी ती जाडंभरडं बेसन घेऊन तोंड खसाखसा घासू लागली. डोळ्यांतून पाणी येई. ती दात आवळून सोसत राही आणि मनात म्हणे, एवढं झोंबतंय म्हणजे मुरमांची आता खैर नाही.

पाच-सहा दिवसांत चार मुरूम बसल्यासारखे दिसले. त्यांच्या जागी नऊ उठले. गालांची कातडी ताणल्यासारखी झाली, मग तिला सालं सुटू लागली. बकुळाला वाटलं, लेप कमी पडतोय. तिने आणखी लावला. मधल्या दिवसांत हौसा दोनदा येऊन गेली. पण बकुळाने पदराने तोंड झाकून "बरं चाललंय" म्हणत तिला वाटेला लावलं. हौसा डबी परत मागेल ही भीती.

बाजार नऊ दिवसांवर आला, त्या सकाळी बकुळा उठली तर तिला डोळे पुरते उघडता येईनात. तोंड सुजलं होतं. गाल पिकल्या मिरचीसारखे लाल, ओठांच्या दोन्ही कडा चिरलेल्या. आईला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि चिरांतून रक्त आलं. हाक काही बाहेर पडली नाही.

गावात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दुपारपर्यंत सगळ्या अंगणांतून एकच बोलणं. लेप कोणाचा? हौसाचा. बकुळाच्या खालोखाल आवाज कोणाचा? हौसाचा. बकुळा आजारी पडली तर गाडीवर कोण चढणार? लोकांनी दोनात दोन मिळवले आणि बेरीज सात केली.

पाटील चावडीवर म्हणाले, "मैत्रिणीच्या तोंडाची अशी दशा करणारीला मी गाडीवर चढवणार नाही. परवा सगळ्यांना बोलावतो. बकुळाच्या तोंडून ऐकतो आणि निकाल देतो. गरज पडली तर यंदा पुकाऱ्याशिवाय जाऊ."

चावडीवरचं बोलणं घरोघर पोचलं, आणि बकुळा दाराआड बसून ते ऐकत होती. तिची आई उंबऱ्यात उभी राहून हौसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बकुळाने एक शब्द काढला असता तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. पण खरं सांगतो, तिला बरं वाटत होतं. तोंड जळत होतं, गाडी हातची गेली होती, आणि निदान चूक दुसऱ्याची आहे असं सगळं गाव म्हणत होतं. तो दिवस ती गप्प बसली. शेजारच्या अंगणात हौसा एकटीच मिरच्या उलथत होती, आणि रोज तिच्याशी बोलणाऱ्या बाया मान वळवून पुढे जात होत्या. बकुळाला ते दारातून दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आईने तिला होडीत घातलं आणि नदीपलीकडे नेलं.

वैदीणबाई वयस्क होत्या, बारीक चणीच्या, आणि घाई म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. मिरचीच्या गावात लोक त्यांना नावं ठेवत, की औषध चिमूटभर देतात आणि प्रश्न पोतंभर विचारतात. त्यांनी बकुळाला उजेडात बसवलं.

"तोंड धुऊन वर काही लावलं नाहीस, तर तासाभराने कसं वाटतं? ओढल्यासारखं की तेलकट?"

"ओढल्यासारखं," बकुळा ओठ न हलवता म्हणाली. "नेहमीच."

"तोंड पुसलेल्या फडक्यावर दुपारी तेलाचा डाग दिसतो का?"

"नाही."

"हौसाच्या फडक्यावर पुरणपोळी ठेवल्यासारखे डाग असायचे," बाई म्हणाल्या. "म्हणून तिला मी तेल सुकवणारा लेप दिला. तुझ्याकडे सुकवायला तेल होतंच कुठे? त्याने तुझी कातडीच सुकवली. बरं, कानामागे लावून पाहिलं होतंस?"

"हो. तीन दिवस."

"मग काय झालं?"

"झोंबलं. लाल झालं."

"आणि तरी तोंडाला लावलास?"

बकुळाने खाली पाहिलं. "मला वाटलं, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय."

बाईंनी तिच्या आईकडे पाहिलं. आईने नदीकडे पाहिलं.

"पोरी," बाई म्हणाल्या, "कानामागे लावायला सांगतात ते कशासाठी? मोठी जागा जाळण्याआधी छोट्या जागेला विचारावं म्हणून. तुझ्या कातडीने तीन दिवस नाही म्हणून सांगितलं. तू ते हो म्हणून ऐकलंस. यात हौसाची काय चूक?"

"तिची नाही," बकुळा म्हणाली. हे बोलताना तिला पहिल्यांदा रडू आलं. खारं पाणी चिरांवरून ओघळलं आणि तिला ते पुसताही येईना.

बाईंनी उठून एक वाटी आणली. शंभर वेळा पाण्यात धुतलेलं तूप होतं, पांढरं आणि हलकं. "आधी सगळं बंद. लेप बंद, बेसन बंद, घासणं बंद. गार पाण्याने तोंड धुवायचं आणि हे बोटाने टेकवायचं, चोळायचं नाही. कातडी शांत झाली की मग तुझ्या मुरमांचं बघू. तुझ्यासाठी सौम्य लेप करीन. तोही आधी कानामागे, मग तांदळाच्या दाण्याएवढा, नुसता मुरमावर. मिरचीचे हात तोंडाला लावायचे नाहीत. मुरूम फोडायचे नाहीत."

बकुळाने तूप टेकवलं. ते झोंबलं नाही. नुसतं गार लागलं.

"हे झोंबतच नाही काही," आईच्या तोंडून निघून गेलं.

"झोंबायला नकोच आहे," बाई म्हणाल्या.

"बाजारापर्यंत बरं होईल ना हो, बाई?" बकुळाने विचारलं.

"बाजार आठ दिवसांवर आहे. तोंडाला चाळीस दिवस लागतील. दोन्हींपैकी कोणीही तुझ्यासाठी थांबणार नाही. आणखी एक सांगते. हे पंधरा दिवस मोठ्याने बोलायचं नाही. चिरा पुन्हा पुन्हा उघडल्या तर खुणा राहतील."

परतीच्या होडीत आई एकदाच बोलली. "उद्या चावडीवर काय सांगणार आहेस?" बकुळाने पदर तोंडावर ओढून घेतला. तिला डोळ्यांपुढे हौसाचं अंगण दिसत होतं. आपण गप्प राहिलो तर कोणाला काही कळणार नाही, हेही तिला दिसत होतं. बाईंनी बोलू नको असं सांगितलंच होतं, म्हणजे निमित्तही तयार होतं.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे गाव जमलं. हौसा एका कडेला उभी होती, तिच्या आजूबाजूला चार हात मोकळी जागा. पाटील म्हणाले, "बकुळा, तुझ्या तोंडाची ही दशा कोणी केली? सांग."

बकुळा पुढे आली. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. बायांनी नजरा फिरवल्या.

"मी केली," ती म्हणाली.

तिसऱ्या शेतात पोचणारा तिचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही पोचला नाही. पाटलांना ओट्यावरून खाली उतरून तिच्यापाशी वाकावं लागलं. ती बोलत गेली आणि पाटील एकेक वाक्य मोठ्याने सांगत गेले. हौसा लेप द्यायला तयार नव्हती. मी हट्टाने घेतला. मूग म्हणाली, मी सुपारी लावली. कानामागे झोंबलं तर डबी परत आण म्हणाली, मी आणली नाही. काल-परवा सगळे तिला बोलत होते, तेव्हाही मी घरात बसून ऐकत होते. माझी जागा हौसाला द्या.

बोलून होईपर्यंत तिच्या ओठांच्या चिरा उघडल्या होत्या आणि हनुवटीवर रक्ताचे दोन थेंब आले होते. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "पण मग झोंबलं होतं, तरी गुण का नाही आला?" कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तोच प्रश्न होता आणि सगळे आपापल्या घरातल्या औषधाच्या डब्या आठवत होते.

बाजाराला हौसा गेली. तिने गाडीवर उभं राहून पुकारा केला. बकुळाइतका लांब पोचला नाही, पण माल विकला गेला. चार पोती परत आली. बकुळा असती तर ती आली नसती, असं लोक पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले, आणि दर वेळी बकुळाने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी पाटलांनी पुन्हा हौसालाच पाठवलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. एकदा हातची गेलेली गाडी बकुळाला परत मिळाली नाही.

तोंड मात्र बरं झालं. चाळीस दिवस म्हटलं होतं, पन्नास लागले. सौम्य लेपाने मुरूम हळूहळू बसले. डाव्या गालावर मसुराएवढे दोन खड्डे राहिले, ते जन्मभर राहिले. चावडीवर बोलली त्या दिवशीच्या चिरांच्या खुणाही राहिल्या. त्या खुणांचं तिला कधी वाईट वाटलं नाही. खड्ड्यांचं वाटलं.

बाजाराहून आल्यावर हौसा तिच्याकडे आली नाही. आठ दिवसांनी बकुळाच तिच्या अंगणात गेली, खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि देठ खुडू लागली. खाटेखाली देठांचा ढीग वाढत गेला.

"माझा राग आहे ना?" शेवटी बकुळाने विचारलं.

"लेपाचा नाही," हौसा म्हणाली. "तो तू तुझ्या तोंडाला लावलास. पण एक अख्खा दिवस तू दारातून बघत होतीस आणि गप्प बसलीस. ते मला फार झोंबलं, बकुळा. आणि त्याने माझं काही बरं झालं नाही."

बकुळाची मान खाली गेली. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन देठ खुडायला बसली. तिसऱ्या दिवशीही. हौसा तिच्याशी दिवसाला पाच-सात वाक्यं बोलू लागली तोवर तिकडे तोंडाचे पन्नास दिवस भरत आले होते, आणि दोघी पहिल्यासारख्या हसायला लागल्या तेव्हा मिरचीचं नवं रोप लावून झालं होतं.

पुढे गावातल्या पोरीबाळी मुरूम उठले की बकुळाकडे येत आणि विचारत, "कोणता लेप लावलास गं?" बकुळा लेपाचं नाव सांगत नसे. ती विचारी, "तोंड धुतल्यावर तासाभराने कसं वाटतं?" उत्तर काहीही येवो, ती त्यांना होडीत बसवून नदीपलीकडे पाठवी.

बोध असा, की दुसऱ्याला आलेला गुण पाहून औषध निवडू नये. आपली कातडी काय म्हणते ते आधी विचारावं, आणि ती नाही म्हणाली तर थांबावं.